पेट्रोल आहे का बघितलंत?

आमची गाडी रस्त्यात मधेच बंद पडायची, आणि बंद पडली की जो कोणी पुरुष मदतीला यायचा तो पहिला प्रश्न हाच विचारायचा: "पेट्रोल आहे का बघितलंत?" कुणी कन्नडमध्ये विचारायचा, कुणी तमिळमध्ये, कुणी मोडक्यातोडक्या हिंदीत. इंग्रजी येणारे तर फारच अदबीनं विचारायचे. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, सतराव्या वर्षी बापाच्या शेजारी बसून गाडी शिकलेली, आणि मला म्हणे पेट्रोल आहे का! आहे म्हणून सांगितलं, काटा दाखवला, तरी माणूस "असं का" म्हणून सरळ मागे जायचा, टाकीचं झाकण उघडायचा आणि आत काडी घालून बघायचा. बाईच्या शब्दावर विश्वास नाही, काडीवर आहे. आज माझी ऐंशी उलटली, तरी ते आठवलं की टाळकं सटकतं.

ही गोष्ट साठ सालच्या आसपासची. मी मूळची पुण्याची. लग्न होऊन बंगळूरला मल्लेश्वरमात आले ती एका जुन्या मराठी घरात. ही माणसं तीनशे वर्षांपासून इथलीच. घरात मराठी बोलत, पण त्यात निम्मं कन्नड. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत, सासूबाईंना अक्का. माझं बोलणं ऐकून अक्का पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "तू साधं बोलतीस तरी भांडतीस असं वाटतंय की गं." मी म्हटलं, "अक्का, पुष्कळदा मी भांडतच असते." त्या हसल्या. अण्णा हसले नाहीत.

अण्णा सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले. ताठ कणा, बंद गळ्याचा कोट, आणि एकदा बोललेला शब्द काही झालं तरी मागे घ्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. स्वातंत्र्यानंतर एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यांनी त्याची गाडी विकत घेतली. काळी, उंच, आतला स्टार्टर चालला नाही तर पुढून हॅंडल मारून सुरू करायची. मी आले तोवर ती चांगली म्हातारी झाली होती, पण धडधाकट होती. अण्णांना स्वतःला कधी चालवता आली नाही. रविवारी माझा नवरा सगळ्यांना घेऊन लालबागेपर्यंत फिरवून आणायचा, तेवढंच. एरवी तो कारखान्याच्या बसनं जायचा आणि गाडी फाटकाच्या आत उभी असायची.

मला नोकरी मिळाली येलहंक्याच्या मुलींच्या शाळेत, शास्त्र शिकवायची. बंगळुरातल्या एकाही शाळेत जागा नव्हती, आणि मला घरात बसून लोणची घालायची नव्हती. येलहंका तेव्हा लांब, वेगळं गाव होतं. सकाळची रेल्वे भलत्या वेळी, बस त्याहून भलत्या वेळी. गाडी नसती तर नोकरी नव्हती, इतका साधा हिशेब. नवऱ्यानं अण्णांकडे शब्द टाकला, अण्णांनी महिनाभर विचार केला, आणि जूनपासून मी गाडी चालवत शाळेत जायला लागले. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. चार महिने एकदाही बंद पडली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे घरातल्या कुणालाच ते आठवेना.

ऑक्टोबरात नवऱ्याला कारखान्यानं वर्षभरासाठी जर्मनीला शिकायला पाठवलं. तो गेला, आणि पुढच्याच आठवड्यात शाळेच्या वाटेवरचं हेब्बाळचं तळं ओलांडल्यावर गाडीनं दोन आचके दिले आणि गप्प झाली.

स्टार्टर दाबला, हॅंडल मारलं, काही नाही. वीसेक मिनिटांनी सायकलवरून एक दूधवाला आला. पेट्रोल आहे का बघितलंत? आहे. तरी झाकण उघडलं, काडी घातली, "आहे" म्हणाला, झाकण लावलं, हॅंडल मारलं. गाडी सुरू! माझ्याकडे त्यानं असं बघितलं, की बिचारीला हॅंडलसुद्धा नीट मारता येत नाही. चार दिवसांनी परत तेच. यावेळी लष्करी जीपमधला हवालदार होता. मग एक पाद्री. मग शेतावर निघालेला एक म्हातारा, ज्यानं जन्मात गाडीला हात लावला नसेल. तोसुद्धा मागे जाऊन झाकण उघडून बघून आला आणि त्याच्या हातूनही सुरू झाली. कपाळ माझं!

घरी निष्कर्ष तयारच होता. मुलगा होता तोवर गाडी ठीक होती, सुनेच्या हातात गेली आणि बिघडली. अण्णा म्हणाले, "दूधवाल्याला सुरू करता येते, तुलाच कशी येत नाही?" मी म्हटलं, गाडीत दोष आहे. तर ते शांतपणे म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

माझ्या तोंडावर! आणि वर शेजारच्या वकिलांना सांगितलं, गिरणीवाल्याला सांगितलं, देवळात भेटणाऱ्या चौघांना सांगितलं. मला पाहिलं की वकिलांची बायको विचारायची, "आज कुठवर गेली गाडी?"

अण्णांचा ठरलेला एक मिस्त्री होता. त्यानं प्लग साफ केले, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर उघडून धुतला, पंपातला पडदा बदलला. दरवेळी अण्णांना शेजारी बसवून सॅंकी तळ्यापर्यंत फेरी मारायची. दोन मैल जायला, दोन मैल यायला. गाडी छान चालायची. मग मिस्त्री हात पुसत माझ्यासमोर अण्णांना म्हणायचा, "गाडी सरी आहे सर, एकदम ठीक. बायकांना चोकच्या बटणाला पर्स अडकवायची सवय असते, त्यानं बंद पडते." माझ्याकडे पर्स नव्हतीच. वह्या न्यायची कापडी पिशवी होती, ती मागच्या सीटवर असायची. पण अण्णांनी मान डोलावली.

माझा बाप डॉक्टर. खेडोपाडी जाऊन रोगी बघायचा, आणि गाडी कुठेही बंद पडायची. त्याचं एक सांगणं होतं. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल, हवा. बंद पडलं की यातलं काय कमी पडलं ते आधी बघ. चूक कुणाची, ते घरी जाऊन. मी एक वही केली. किती मैलांवर बंद पडली, थंडी होती की ऊन, चढ होता की सपाटी, टाकी किती भरलेली होती, सगळं लिहायला लागले. इंजिन तापून बंद पडते म्हणावं, तर डिसेंबरात सकाळी बोटं आखडतील अशा गारठ्यातही पडत होती. एखादी तार ढिली असेल म्हणावं, तर मी इंजिन चालू ठेवून एकेक तार ओढून बघितली, काही झालं नाही. मग एकदा बंद पडल्यावर कुणी यायच्या आत बॉनेट उघडलं आणि पेट्रोल साठतं ती कार्ब्युरेटरची वाटी सोडवली. कोरडी ठणठणीत! टाकीत पेट्रोल आणि वाटीत टिपूस नाही. म्हणजे पेट्रोल वाटेत कुठेतरी अडत होतं. आणि तेवढ्यात "पेट्रोल आहे का" करत एक गृहस्थ आलेच.

वहीत आणखी एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. टाकी भरून निघाले की गाडी लवकर बंद पडते, हेब्बाळलाच. अर्धी असली की येलहंक्याच्या जवळपास पोचते. उलटं असायला हवं ना? मी उत्साहानं अण्णांना दाखवलं. त्यांनी वही चष्म्याजवळ धरून वाचली आणि परत दिली. "पोट भरलं की चालवत नाही म्हणते का गाडी? तुझ्या पुण्याला चालत असेल हे शास्त्र."

खरं सांगू? जानेवारीपर्यंत माझाही धीर सुटत चालला होता. माझ्याच हातात काही वाईट आहे की काय, असं मला, शास्त्र शिकवणाऱ्या बाईला, वाटायला लागलं होतं. सगळे मिळून एकच गोष्ट सांगतात तेव्हा आपण वेडे की ते, हे कळेनासं होतं.

त्या महिन्यात मी तीनदा उशिरा पोचले. एका बुधवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी खोलीत बोलावलं. त्यांच्यापुढे एक पत्र होतं आणि त्यावरचं अक्षर मी ओळखलं. सर्व्हे खात्याचं, रेघेवर ठेवल्यासारखं.

"तुमच्या सासऱ्यांचं पत्र आलंय," बाई म्हणाल्या. "महिनाअखेरीपासून तुम्ही येणार नाही असं लिहिलंय. मला तुमच्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं."

अण्णांनी मला अवाक्षर सांगितलं नव्हतं. सकाळी माझ्या हातचा कॉफीचा पेला घेताना सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, हे मी लिहिलेलं नाही, मला मान्य नाही, फाडून टाका. बाई शहाण्या होत्या, चार दिवाळ्या जास्त पाहिलेल्या. म्हणाल्या, "फाडलं तर ते उद्या इथे येऊन माझ्या संस्थेशी भांडतील. घरच्या वडीलधाऱ्याचं पत्र आहे. त्यांनी दिलंय, त्यांनी परत घ्यावं. शनिवारपर्यंत थांबते. मग मला दुसरी बाई शोधायला हवी."

त्या दिवशी गाडी बंद न पडता घरी पोचली, आणि मी मात्र दारातच पेटले. "अण्णा, तुमच्या सहीनं माझी नोकरी कशी जाते?"

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "तुझा नवरा इथे नाही. त्या हेब्बाळच्या ओसाड रस्त्यावर तू एकटी उभी असतेस, येणारा जाणारा गाडीला हात लावतो. उद्या काही बरंवाईट झालं तर मी त्याला काय तोंड दाखवू?"

"मग मला विचारायचंत!"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नसतेच म्हणाले!"

"मग?" असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. त्यांच्या मनात काळजी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण काळजी आहे म्हणून दुसऱ्याच्या वतीनं परस्पर पत्र लिहायचं? मी तिथेच उभी राहिले. हलले नाही. बऱ्याच वेळानं वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला, "सरी. दोष गाडीत आहे म्हणतेस ना? दाखव मला. माझ्या डोळ्यांनी दिसला तर पत्र मी स्वतः परत घेईन." तीन महिने मिस्त्रीला सापडला नाही तो दोष मला तीन दिवसांत दाखवायचा होता. मी म्हटलं, "दाखवते."

म्हटलं खरं, पण काय दाखवणार होते, डोंबल! गुरुवार वहीची पानं उलटण्यात गेला. शुक्रवारी शाळेतून आल्यावर अक्कांनी हाक मारली. शेंगदाण्याच्या तेलाचा नवा डबा आणला होता, मोहरबंद. तो फोडून बरणीत ओतायचा होता. मी खिळ्यानं डब्याच्या कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि डबा वाकडा केला. तेल आलं, मग अडलं. गुडगुड करून थोडं आलं, परत अडलं. मी रागानं डबा हलवायला लागले.

"अगं, दुसरं भोक कोण पाडणार?" अक्का म्हणाल्या. "स्वल्प हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येतंय होय?"

डबा माझ्या हातात तसाच राहिला. दरवर्षी आठवीच्या पोरींना मी हवेचा दाब शिकवत होते. आणि चार महिने दूधवाला, हवालदार, पाद्री, म्हातारा, सगळे एकच गोष्ट करत होते, आणि मी त्यांच्यावर चरफडण्यापलीकडे तिच्याकडे बघितलंच नव्हतं. ते झाकण उघडत होते! हॅंडलनं गाडी सुरू होतच नव्हती. झाकण उघडल्यावर टाकीत हवा जायची आणि अडलेलं पेट्रोल वाहायला लागायचं. टाकी भरलेली असली की आत हवा मुळात कमी, म्हणून लवकर अडायचं. मिस्त्रीच्या चारच मैलांच्या फेरीत ते कसं अडणार? आणि निघायच्या आधी पेट्रोल बघायला तोही झाकण उघडायचा. तेलाचे हात पदराला पुसत मी अंगणात धावले.

झाकणात हवेसाठी बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. मी झाकण काढलं, आतल्या बाजूनं तोंड लावून फुंकलं. गच्च. उलटं करून वर बघितलं, तर भोकाच्या जागी पिवळ्या-लाल रंगाचा जाड थर, दगडासारखा वाळलेला. आणि मला सगळं समजलं.

खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो. इथे त्याला आयुधपूजा म्हणतात आणि गाड्यांची पूजा लग्नासारखी थाटात होते. आमच्याकडे ती अण्णा स्वतः करत. सहाणेवर चंदन उगाळून, त्यात हळद-कुंकू कालवून बॉनेटला, चाकांना, दिव्यांना बोटं उमटवत. टाकीच्या झाकणालाही लावत, कारण गाडी तिथून जेवते. आणि ते पुसायचं नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल, असा त्यांचा दंडक होता. गाडी धुणाऱ्यालाही तशी ताकीद होती. इतकी वर्षं झाकणाला एक टिकली असायची. त्या वर्षी मुलगा चारच दिवसांनी समुद्रापलीकडे जाणार होता. त्या वर्षी अण्णांनी प्रत्येक जागी दोन-दोनदा लावलं होतं. मी स्वतः तबक धरून शेजारी उभी होते.

अक्का माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. झाकण बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई. हे तर ह्यांचं गंध." मग घराकडे बघत हळूच म्हणाल्या, "सुईनं साफ कर बघू पटकन. कार्ब्युरेटरमध्ये कचरा होता म्हण. गाडी चालायला लागल्यावर ते आपोआप गप्प बसतील."

"आणि पत्र?"

"ते मी बघते हळूहळू. चाळीस वर्षं असंच बघत आलेय."

"म्हणूनच त्यांना सवय लागली, अक्का," मी म्हटलं. फार लागलं त्यांना ते. अजूनही वाटतं की असं बोलायला नको होतं, पण खोटं नव्हतं. मी झाकण होतं तसंच बसवलं. बोटं शिवशिवत होती, पण त्या भोकाला सुई लावली नाही. कागदावर पटवून अण्णांना पटलं नसतं. त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं ना? मग डोळ्यांनीच दाखवायचं.

शनिवारी सकाळची शाळा. उजाडताच निघालो. पेट्रोल पंपावर टाकी काठोकाठ भरून घेतली. अण्णा कोट घालून शेजारी बसले होते. मी सांगितलं, "गाडी बंद पडली की तुम्ही काय हवं ते तपासा. फक्त मी सांगेपर्यंत टाकीला हात लावायचा नाही."

"आधी बंद तर पडू दे. मी शेजारी असताना पडायची नाही ती," ते म्हणाले.

हेब्बाळचं तळं गेलं. गाडी चालतेय. अण्णा बाहेर बघत होते, ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. चार महिने मी जिच्या हातापाया पडत होते की बाई बंद पडू नकोस, तिला त्या दिवशी मनातल्या मनात म्हणत होते, पड गं, आज तरी पड! आणखी अर्धा मैल गेलो, आणि तो आचका आला. मग दुसरा. मग सगळं शांत. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

"झालं," अण्णा म्हणाले. "चोक बघ."

"तुम्हीच बघा."

त्यांनी चोक बघितला. आत, जागेवरच होता. खाली उतरून हॅंडल मारलं. एकदा, पाचदा, दहादा. साठी ओलांडलेला माणूस, दम लागला. मी म्हटलं, माझा हात लागलेला नाही, तुम्हीच मारताय, होतेय का सुरू? तेवढ्यात एक बैलगाडीवाला थांबला, उडी मारून उतरला आणि कुणी काही बोलायच्या आत थेट गाडीच्या मागे निघाला.

"हात लावू नका!" मी अशी ओरडले की बैलसुद्धा बिचकले. बैलगाडीवाला तिथेच थबकला.

"अण्णा, आता तुम्ही या. कान झाकणापाशी न्या. आणि सावकाश फिरवा."

अण्णा वाकले. झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली, लांबवर. बैलगाडीवाल्यालाही ऐकू आली. अण्णा दचकून मागे झाले. मी जाऊन स्टार्टर दाबला. दोन-तीनदा घरघर झाली आणि गाडी लागली.

मग मी डोक्यातला आकडा काढला, झाकण हातात घेतलं आणि त्यांच्यासमोर तो थर खरवडला. पिवळा-लाल तुकडा निघून त्यांच्या तळहातावर पडला. त्यांनी तो बोटांत चुरला. नाकाशी नेला. चंदनाचा वास इतक्या महिन्यांनीही होता.

"यंदा जास्त लावलं होतं," ते म्हणाले. "पोरगा लांब जाणार होता."

मला दया आली का? आली. त्या उन्हात कोटाच्या बाह्यांना धूळ लागलेला म्हातारा माणूस, हातात ते गंध. पण राग जास्त होता आणि तो मी लपवणार नाही. चार महिने ह्या माणसानं गावभर माझी अब्रू काढली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी दार उघडलं. "बसा अण्णा. शाळेत जायचंय. पत्र परत घ्यायचंय."

"सोमवारी चिठ्ठी पाठवतो."

"चिठ्ठी नाही. स्वतः परत घेईन म्हणालात. आणि मुदत आज आहे."

ते बसले. उरलेले चार मैल गाडी लोण्यासारखी चालली. शाळेच्या फाटकापाशी मी थांबवली. घंटेला अजून वीस मिनिटं होती. अण्णा उतरेनात. समोर काचेतून बघत बसून राहिले. त्यांनी आयुष्यात कुणाकडून दिलेली गोष्ट परत मागितली नव्हती, कुणापुढे चुकलो म्हटलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं. मीही बसून राहिले. पोरी वाकून वाकून नमस्कार करत आत जात होत्या.

"लोक बघतायत," अण्णा म्हणाले.

"बघू देत. मला चार महिने बघतायत."

आणखी पाच मिनिटं गेली. दहा गेली. त्यांनी सांगितलं असतं की घरी चल, तर मी गेले नसते. एवढं मी ठरवलं होतं. तिथेच गाडीत बसून राहिले असते, दुपारपर्यंत, संध्याकाळपर्यंत. बहुतेक त्यांना ते कळलं. त्यांनी कोटाची गुंडी लावली, दार उघडलं आणि ताठ मानेनं आत गेले.

परत आले तेव्हा पत्र हातात होतं, घडी घातलेलं. खिडकीपाशी उभे राहिले.

"काय म्हणाल्या बाई?" मी विचारलं.

"कारण विचारलं."

"मग?"

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"सांगितलं, गाडी मी बंद पाडत होतो. ती नाही." आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "घंटा होतेय. जा, वर्गावर जा."